सामानाची यादी

आधी मी त्याला दारू दिली.
सगळेच देतात.
गजभिये म्हणाला, खोरफक्कानात बसून लिहितोस
आणि तुझा डिटेक्टिव्ह रोज रात्री पितो?
बाटलीसाठी फुजैरा गाठावं लागतं त्याला,
टॅक्सीने जाऊन येईतो
खुनी मस्कतला पोचेल.

दारू काढली. मग त्याची बायको मारली.
तीन प्रकरणं तो तिच्या फोटोसमोर उभा,
आणि इकडे प्रेत कंटेनरमध्ये तसंच,
ऑगस्टात.
गजभियेने नाक धरलं.

गजभिये क्रेन चालवतो. भंडाऱ्याचा.
दिवसभर बंदराकडे वरून बघतो
आणि रात्री खाटेवर पालथा पडून माझं ऐकतो.
ऐकून झालं की एसीशी बोलल्यासारखा बोलतो :
दुःख काय देतोस त्याला, दुःख कोणालाही असतं.
लाज दे.
लाज कशाची वाटते त्याला, ते लिही.

मी स्टोअरकीपर.
वहीच्या सुलट बाजूला नटबोल्ट, गॅस्केट, आवक, जावक, शिल्लक;
उलट बाजूने कादंबरी.
दोन्हीकडून पानं सरत मध्याकडे येतायत.
आबिद सारंग, मूळचा दाभोळचा, बोटीवरून उतरलेला,
आता विमा कंपनीसाठी भिजलेला माल मोजतो.
हुशार. चपलेवरच्या मिठावरून सांगतो
कोण धक्क्यावर गेला होता आणि नाही म्हणतोय.
पण पानावर उभा केला की तसाच उभा.
कडक इस्त्रीचा.
कुठे एखादी चुणी नाही
जिथे वाचणाऱ्याचं बोट अडेल.

ती चुणी मला शोधावी लागली नाही,
हेच वाईट.

पोचय्या झोपेत गेला.
जगतियालचा, वेल्डर, माझ्या खालच्या खाटेवरचा.
सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं,
अक्षर चांगलं म्हणून.
शर्ट चार. लुंगी दोन. खोबरेल, अर्धी बाटली.
मोबाईल एक, काच तडकलेली.
कंपासपेटी एक, नवी, वेष्टन न काढलेली.
खाली सही, सहीवर शिक्का.
बॅटरी लिहिली नाही.
पिवळी, तळहाताएवढी,
खटका दाबला की दोनदा लुकलुकून मग लागणारी.
त्या रात्री कॅम्पात लाइट नव्हती, एवढंच कारण.
सकाळी ती माझ्या उशाखाली होती
आणि पेटी विमानतळावर.

हे चालून गेलं असतं.
पण दोन महिन्यांनी फोरमन विचारत आला,
घरून निरोप आहे, सगळं पोचलं,
पोरगी तेवढी बॅटरीचं विचारते,
व्हिडिओवर बाप तिला भिंतीवर ससा करून दाखवायचा.
मी यादी काढली. वरून खाली बोट फिरवलं.
म्हणालो, यादीत नाही.

खरंच नव्हती.

त्याच रात्री बॅटरी मी सारंगला देऊन टाकली.
आणि तो चालायला लागला.
डेकवर वाकला, गंजात अडकलेला सुताचा धागा त्याला दिसला.
खोटं बोलणाऱ्यावर आता तो ओरडत नाही,
समोर बसतो, चहा निवू देतो;
भातातल्या खड्यासारखं एक वाक्य
दाताखाली धरून माणूस किती दिवस जेवतो
ते त्याला माहीत असावं.
बाविसाव्या प्रकरणात त्याने खुनी धरला.
माझ्या हातून इतका सरळ माणूस
याआधी कधी धरला गेला नव्हता.

गजभिये उठून बसला.
हां, म्हणाला. याच्यावर माझा विश्वास बसला.
मग चप्पल शोधत, सहज :
पण ती बॅटरी कुठली रे त्याच्याकडे?

येतं पुढच्या प्रकरणात, मी म्हणालो.

वहीत तीन कोरी पानं आहेत.
त्यापलीकडून गॅस्केटं येतायत.